चौदा गुन्ह्यांचा नवरा

अर्जात बावीस प्रश्न होते. त्यातल्या एकवीस प्रश्नांनी हनीफला घाम फोडला. नववा प्रश्न मात्र त्याला सोपा वाटला. "जामीनदारास यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय?" असं शफीने मोठ्याने वाचलं, तेव्हा हनीफ एका ट्रकच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. डोकं बाहेर न काढताच तो म्हणाला, "लिही, नाही."

शफीने 'नाही' लिहिलं आणि खाली रेघही मारली. कुरणवाडी फाट्यावर शफीचं चहाचं हॉटेल होतं आणि त्याला लागून हनीफचं गॅरेज आणि घर. चाकणच्या बाजारातून कांदा भरून निघालेले ट्रक या दोघांपैकी एकाकडे थांबायचेच. शफी सातवी पास होता. त्यामुळे फाट्यावरचा प्रत्येक सरकारी कागद त्याच्या हाताखालून जायचा, आणि जाताना त्याच्यावर चहाचा एखादा थेंब पडायचा.

हा कागद ताहेराचा होता. ताहेरा म्हणजे हनीफची बायको, माहेर कराची. हनीफच्या आईचा, म्हणजे खैरुन्निसाचा, भाऊ फाळणीच्या आधी कराचीच्या गोदीत कामाला गेला आणि तिकडचाच होऊन बसला. ताहेरा त्याची मुलगी. दोन देशांमधली वाट पुन्हा उघडली तशी ती आत्याला भेटायला म्हणून आली, आणि आत्याने तिला सून करून ठेवून घेतलं. घरच्या घरात सगळं छान जमलं. सरकारच्या लेखी मात्र ती अजून पाहुणीच होती. सत्त्याहत्तर सालच्या तीस नोव्हेंबरला तिचा व्हिसा संपत होता. मुदत वाढवून हवी असेल तर नवऱ्याने जामीन राहायचं आणि नवरा भला माणूस आहे असं पोलिसांनी लिहून द्यायचं. तसं झालं नाही तर ताहेराने कराची गाठायची. एकदा गेली की पुन्हा यायला मिळेल की नाही, हे छातीठोकपणे सांगणारा कोणी नव्हता. आणि आज बावीस तारीख होती.

हनीफला चिंता वाटत होती ती फक्त सरकारी दिरंगाईची. स्वतःच्या भलेपणाबद्दल त्याला काडीचीही शंका नव्हती.

चौकशीला मारुतराव जमादार आले. फाट्यावरची चौकी त्यांच्याच ताब्यात होती. बाकड्यावर बसून त्यांनी बशीतून चहा ओढला आणि म्हणाले, "हनीफ, तुझी कसली चौकशी करायची? सोन्यासारखा गडी तू. चौकीतलं रजिस्टर तेवढं चाळतो, रीत असते म्हणून. संध्याकाळी दाखला घेऊन जा."

अर्ध्या तासात जमादार परत आले. काखेत रजिस्टर होतं आणि चेहरा उतरला होता.

"हनीफ, लेका, तुझ्या नावावर चौदा आहेत."

"चौदा काय?"

"गुन्हे."

हनीफ हसला. "काय जमादार, घाबरवता राव! ते गुन्हे कुठले? त्या पाळ्या."

जमादार मटकन बाकड्यावर बसले. "पाळ्या तुला आणि मला ठाऊक. कोर्टाला काय ठाऊक? कोर्टाने शिक्षाच लिहिली ना!"

पाळी ही कुरणवाडी फाट्याची खास सोय होती. चौकीला दर वर्षी दोन-तीन किरकोळ खटले वर दाखवावे लागत. कोणाचं बाकडं रस्त्यात आलं, कोणाच्या सायकलला दिवा नाही, कोणाची म्हैस मोकाट सुटली. खटला झाला की तालुक्याच्या कोर्टात जाऊन दिवसभर पायरीवर बसायचं, नाव पुकारलं की "गुन्हा कबूल" म्हणायचं, दंड भरायचा आणि शेवटच्या एसटीने परत यायचं. दुकान बंद ठेवणं कोणालाच परवडत नव्हतं. म्हणून दंड सगळ्यांनी मिळून द्यायचा आणि कोर्टात जायची पाळी लावायची असं ठरलं. गुन्हा कोणाचाही असो, ज्याची पाळी तो आरोपी. पण पहिली पाळी लागायच्या आधीच हनीफने जुनी मोटरसायकल घेतली आणि दर मंगळवारी तो स्पेअर पार्ट आणायला तालुक्याला जाऊ लागला. मग काय, "हनीफ, तू जातोच आहेस तर माझीही पाळी उरकून ये," असं एकाने म्हटलं, मग दुसऱ्याने. हनीफला नाही म्हणता येत नसे. नटबोल्टांच्या यादीत शेवटी एक गुन्हा लिहून तो निघायचा. सहा वर्षांत बाकी सगळे आपली पाळी पार विसरून गेले.

जमादारांनी हे खटले स्वतःच्या हाताने लिहिले होते. पण एकेक लिहिताना त्यांना काही वाटलं नव्हतं. आज ओळीने वाचल्यावर त्यांनाच धडकी भरली होती.

"वाचा तरी," दारातून आवाज आला. ताहेरा कधी येऊन उभी राहिली ते कोणाला कळलं नव्हतं. "मला बी कळू द्या, माजा नवरा कोन हाय त्यो."

ताहेरा आली तेव्हा तिला मराठीचा म येत नव्हता. गॅरेजच्या मागे आबाजींचं घर होतं. आबाजी फाट्यावरचे जुने शेतकरी. त्यांच्या बायकोने, सोजराबाईने, या पोरीला पदराखाली घेतलं आणि बोलायला शिकवलं. दहा महिन्यांत कराचीची ताहेरा अशी बोलू लागली, की परक्या माणसाने तिला माहेर मावळात कुठल्या गावी असं विचारावं.

जमादारांनी खाकरून वाचायला सुरुवात केली. "रस्त्यात बाकडी मांडून वाहतुकीस अडथळा, तीन वेळा."

शफी एकदम कपबशा विसळायला लागला.

"म्हैस मोकाट सोडणे, दोन वेळा. धान्याच्या मापात खोट, दोन वेळा. दिव्याविना सायकल, तीन वेळा. दारू पिऊन बैलगाडी हाकणे, चार वेळा."

ताहेराने डोक्यावरची ओढणी सारखी केली. "दारू?"

गलका ऐकून सोजराबाईही आली होती. शेवटचा गुन्हा ऐकून ती उसळलीच. "व्हय, व्हय! ती गाडी आमचीच. हनीफनं मागून न्येली आन् कालव्यात घातली, असं ह्यांनीच सांगितलं मला. येकदा न्हाई, चार बारी! म्हनून तर दोन वर्सं मी ह्याच्याशी बोलत न्हवते. बैलाच्या खांद्याला केवढी जखम झालती!"

"तुमी पिता?" ताहेराने हनीफला विचारलं.

सोजराबाईच्या मागे आबाजी उभे होते. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, गावच्या भजनात टाळ धरणारा माणूस. त्यांचं तोंड पाहून हनीफला दया आली. आयुष्यात दारूच्या बाटलीला हातही न लावलेला हनीफ मान खाली घालून म्हणाला, "आता नाही पीत."

ताहेरा आत गेली. थोड्या वेळाने आतून लोखंडी ट्रंक ओढल्याचा आवाज आला, मग कडी उघडल्याचा.

त्या आवाजाने हनीफ पांढराफटक पडला. चौकीच्या दाखल्यावाचून बायको जाणार ती तीस तारखेला. ही तर आजच निघाली होती. तो आत जायला वळला, तोच आबाजींनी त्याचं मनगट धरलं.

"सोजरे," आबाजी म्हणाले, "ती गाडी हनीफनं न्हाई न्येली. म्या न्येली. चारी बारी."

"तुमी? आन् पिऊन?"

"पिऊनच. शुद्धीत असतो तर कालव्यात कशाला घातली असती?"

सोजराबाई नवऱ्याकडे बघत राहिली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, आणि या पस्तीस वर्षांत तिला बोलायला शब्द सापडला नाही असं प्रथमच घडत होतं. शफीने प्रसंग ओळखून आबाजींना बाकड्यावर बसवलं. पण सोजराबाई त्यांच्यापाशी थांबली नाही. ती तडक आत गेली आणि ट्रंकेवर बसली.

"उठा, मावशी," ताहेरा आतून म्हणाली.

"न्हाई उठत. तुजा नवरा खोटं बोलला. माज्या नवऱ्याची अब्रू झाकाया तुज्यासमोर खोटं बोलला. आता ही ट्रंक उघडायची आसंल तर मला उचलून ठेव बाजूला."

सोजराबाईला उचलणं ताहेराच्या काय, जमादारांच्याही आवाक्यातलं नव्हतं. ताहेरा तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मग बाहेर येऊन तिने हनीफला एवढंच विचारलं, "बाकीचे धा कुनाचे?"

हनीफ काही सांगेना. पण आबाजींनीच कबूल केल्यावर इतरांना तोंड लपवायला जागा उरली नाही. बाकड्यांचे तीन शफीने पदरात घेतले. मापातली खोट कौशल्याबाईची निघाली. तिचं धान्याचं दुकान समोरच होतं. "माप जुनं हाय, त्याला पोक आलाय," असं ती म्हणत होती, पण गुन्हा तिने घेतला. म्हैस तर सोजराबाईचीच होती. सायकलींवरून मात्र भांडण लागलं. एका दिव्याविना सायकलीचे तीन दावेदार निघाले, कारण ती सायकल सगळा फाटाच वापरायचा.

"आपुन लिवून देऊ," आबाजी म्हणाले. "कुनाचा गुन्हा कोनता, समदं कागदावर. पुण्याच्या सायबाच्या हातात द्यायचं. पोरगं सुटंल."

शफीने कागद लिहिला. सगळ्यांनी सह्या आणि अंगठे केले. जमादारांनी तो वाचला आणि कपाळाला हात लावला. "अरे, चौकीने खोटे आरोपी उभे केले, असाच ना याचा अर्थ? माझी पेन्शन तीन वर्षांवर आलीय!"

"मग तुमी नका येऊ," सोजराबाई म्हणाली.

जमादारांनी रजिस्टर मिटलं. आठवड्यातून एकदा ताहेरा चौकीत हजेरी द्यायला यायची, तेव्हा येताना त्यांच्यासाठी शेवयांचा डबा आणायची. घरी कोणी नसलेल्या त्या माणसाला तेवढं एकच घरचं खाणं मिळायचं. "येतो," ते शेवटी म्हणाले. "पण मी टेम्पोत मागे बसणार. गणवेशात पुढे बसलो तर मीच तुम्हाला पकडून नेतोय असं दिसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी कांद्याच्या टेम्पोतून सगळा फाटा पुण्याला निघाला. हनीफने रात्रीच नवव्या प्रश्नातलं 'नाही' खोडून त्यावर 'होय, चौदा' असं लिहून घेतलं होतं. ताहेराने नवा सलवार-कमीज घातला होता आणि तिच्या अंगाला कांद्याचा वास येऊ नये म्हणून सोजराबाईने टेम्पोत आपलं घोंगडं अंथरलं होतं. त्या घोंगड्याला म्हशीचा वास होता.

परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीतले साहेब नाकावर चष्मा ओढून अर्ज वाचत होते. नवव्या प्रश्नाशी ते थांबले. सोबत जोडलेली चौकीची गुन्ह्यांची यादी त्यांनी दोनदा वाचली, मग वर पाहिलं.

"हनीफ कोण?"

"मी, साहेब."

"म्हैस मोकाट सोडलीत?"

"होय, साहेब."

"कितीला घेतली होती म्हैस?"

"माझ्याकडे म्हैस नाही, साहेब."

"धान्याचं दुकान आहे?"

"नाही, साहेब. गॅरेज आहे."

"बैलगाडी?"

"नाही, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग दारू तरी पिता का?"

हनीफने आबाजींकडे पाहिलं. आबाजी पुढे झाले. त्यांनी घडी घातलेला कागद दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. "सायेब, ह्यो वाचा. समदं ह्यात हाय."

साहेबांनी कागदाला हात लावला, पण उघडला नाही. आबाजी, शफी, कौशल्याबाई, दारापर्यंत उभी असलेली सगळी मंडळी आणि सर्वांत मागे भिंतीला चिकटलेले जमादार, असं एकेकाकडे त्यांनी बघून घेतलं. पंचवीस वर्षं सरकारी खुर्चीत बसलेल्या माणसाला कधी कधी न वाचताही कागद कळतो. मग ते ताहेराकडे वळले आणि सावकाश हिंदीत म्हणाले, "आपको मालूम है, आपके शौहर के नाम पर चौदह जुर्म हैं? फिर भी यहीं रहना है?"

"व्हय, सायेब," ताहेरा म्हणाली. "चौदा हायेत, पर त्यातला येक बी ह्यांचा न्हाई. दुसऱ्याचं पाप येवढं गुमान डोक्यावर घेनारा मानूस मला कराचीत कुटं घावायचा? मला न्हाई जायाचं. माजी समदी मानसं आता हितंच हायेत."

साहेबांनी अर्जावरचा जन्मगावाचा रकाना पुन्हा एकदा वाचला.

"बाई, तुम्ही कराचीच्याच ना?"

"व्हय. पर शिकवनारीन ही हाय," असं म्हणून तिने सोजराबाईला पुढे ओढलं. सोजराबाईने एवढ्या गर्दीतही पदर सावरून साहेबांना नमस्कार केला.

साहेब बराच वेळ नियमांचं पुस्तक चाळत राहिले. हनीफच्या हातातली टोपी पिळून पिळून दोरी झाली होती.

"हे बघा," साहेब म्हणाले, "जामीनदाराच्या वर्तणुकीबद्दल शंका असेल, तर त्याच्या वस्तीतल्या, कधीही शिक्षा न झालेल्या इसमांची हमी घ्यावी असं कलम आहे. ते मी आजवर वापरलेलं नाही. जमादार! फाट्यावर शिक्षा न झालेले इसम किती?"

जमादार मागून म्हणाले, "साहेब, हनीफ सोडून सगळेच."

"आणि हा कागद मी उघडून वाचला तर किती?"

जमादारांनी मनातल्या मनात हिशेब केला. "मग एकही नाही, साहेब."

आबाजींच्या डोक्यात उजेड पडायला थोडा वेळ लागला. पडला तसा त्यांनी टेबलावरचा कागद झडप घालून उचलला, चुरगळला आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात कोंबला. "त्यो कागद न्हवंच, सायेब. ती आमची भजनाची यादी हाय. चुकून आली."

"मलाही तसंच वाटलं," साहेब म्हणाले. "किती इसम, ते कलमात दिलेलं नाही. गुन्हे चौदा आहेत, चौदा माणसं द्या."

मोजायला लागले तर पुरुष बाराच भरले. कौशल्याबाई तेरावी झाली आणि सोजराबाईचा अंगठा चौदावा. सगळे उमटल्यावर साहेबांनी अर्जावर शिक्का मारला. एका वर्षाची मुदत.

"एक लक्षात ठेवा," ते म्हणाले, "दर वर्षी मुदत वाढवताना या चौदाही जणांची नोंद तपासली जाईल. एकालाही, कितीही किरकोळ शिक्षा झाली, तरी हमी बाद. मग या बाईंना जावं लागेल." साहेबांनी कागद वाचला नव्हता. तरी हे सांगताना ते आबाजींकडेच का पाहत होते, याचं आबाजींना पुढे बरेच दिवस कोडं पडलं होतं.

परतीच्या वाटेवर टेम्पोत नुसता आनंद होता. तो फाट्यापर्यंत टिकला. फाट्यावर उतरल्यावर एकेकाच्या ध्यानात आलं, की आपल्या हातून काय होऊन बसलंय.

शफीने त्याच दिवशी बाकडी आत ओढली. कौशल्याबाईने नवं माप आणलं आणि महिनाभर ती गिऱ्हाइकांवर खेकसत होती. म्हशीला दोन दावी लागली. फाट्याच्या सायकलला दिवा आला, घंटीसुद्धा आली. सगळ्यांत हाल झाले ते आबाजींचे. संध्याकाळ झाली की ते कालव्याकडच्या गुत्त्याच्या वाटेला लागायचे आणि चार पावलांवर सोजराबाईची हाक यायची, "अवो, ताहेराला कराचीला धाडताय का?" आबाजी तसेच माघारी फिरायचे. देवळातल्या भजनाला ते आता रोज वेळेवर येत, आणि टाळ एवढ्या जोरात वाजवत की बुवांना आपलाच आवाज ऐकू येईना.

जमादारांपुढेही पेच पडला. वर्षाचे खटले तर दाखवायला हवे होते, आणि पाळीला माणूस उरला नव्हता, कारण हनीफलाही ताहेरा आता जाऊ देईना. शेवटी नाइलाजाने ते रस्त्यावर उभे राहून खरे गुन्हे शोधू लागले. मागचा दिवा नसलेले ट्रक त्यांनी अडवायला सुरुवात केली. दिवा बसवायला ते ट्रक समोरच्या गॅरेजात जात, त्यामुळे हनीफला जेवायला सवड मिळेनाशी झाली. तीन वर्षांनी जमादार निवृत्त झाले तेव्हा वरिष्ठांनी त्यांच्या कर्तव्यदक्षतेबद्दल चार शब्द बोलून दाखवले. ते ऐकताना जमादारांचे डोळे भरून आले, कारण हे शब्द आपल्याला लागू आहेत की नाहीत हे त्यांना कळत नव्हतं.

दर नोव्हेंबरात टेम्पो पुण्याला जाई आणि वर्षाची मुदत घेऊन येई. ब्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात मात्र जायची वेळच आली नाही. दिवाळीच्या आधीच पोस्टमन एक जाड लिफाफा घेऊन आला. आत इंग्रजीत टाइप केलेला कागद होता. हनीफ तो घेऊन पळत निगडीला एका वकिलाकडे गेला आणि तिथून उड्या मारतच परत आला. ताहेराचा नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झाला होता, ती हिंदुस्थानची नागरिक झाली होती. आता व्हिसा नाही, मुदत नाही, हजेरी नाही, काही नाही.

शफीने सगळ्यांना फुकट चहा पाजला. खैरुन्निसाने सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिला पोटाशी घेतलं. हनीफचे दोन मुलगे, नेमकं काय झालंय ते न कळताही, टायरवर उभे राहून ओरडत होते. सगळ्या गर्दीत आबाजी तेवढे शांत होते. बऱ्याच वेळाने ते ताहेराजवळ आले.

"पोरी, बेस झालं. लई बेस झालं." मग इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज उतरवला. "म्हंजी आता… आमची ती हमी? ती सुटली म्हनायची?"

आबाजींच्या मागे सोजराबाई उभी होती. पाच वर्षांतल्या निवांत संध्याकाळी, पाच वर्षांत बैलाच्या खांद्यावर न झालेली जखम, सगळं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिने नुसतं ताहेराकडे पाहिलं.

ताहेराने लिफाफ्यातला कागद काढला, उलगडला आणि एका इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं.

"न्हाई, आबा. ह्ये बगा, हितं लिवलंय. हमी जलमभर ऱ्हानार."

"जलमभर?"

"जलमभर. चौदातल्या येकानं जरी काई केलं, तर मला माघारी धाडत्यात."

हनीफने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ताहेराने त्याच्याकडे पाहिलं. तो पाना उचलून मुकाट्याने ट्रकखाली शिरला. आबाजींनी कागद हातात घेतला, त्या ओळीकडे बराच वेळ टक लावून पाहिलं आणि एक खोल उसासा टाकून टाळ शोधायला घरी गेले. चौदा गुन्हे कबूल करून बसलेल्या त्या घरातला हा पहिला खरा गुन्हा होता, आणि तो डोळ्यांदेखत घडलेला पाहून सोजराबाईने गुन्हेगाराच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.